तमूचं बोट

१ नोव्हेंबर, शनिवार

सांगलीची तिसरी खेप. नांद्र्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, एस.टी. मागंच रांगत राहिली. बायकांना अर्धं तिकीट झालंय म्हणून निभतंय, नाहीतर पलूसहून दर शनिवारी कोण जातंय.

मेधाबाईंनी आजही दार लावून घेतलं. मी बाहेर बाकावर. आतून टाळ्या, हसणं, परत टाळ्या. चौथीतली पोरगी तमू, वाचता येत नाही म्हणून आणली, आणि ह्या टाळ्या शिकवतात. बाहेर आल्यावर वही बघितली. कोरी. विचारलं तर म्हणाल्या, शब्दाचे तुकडे पाडत होतो, एका तुकड्याला एक टाळी, आधी कानाला कळू दे. कान तर चांगले आहेत तिचे. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळेही चांगले. मग अडतंय कुठं?

पत्ता दिला शाळेच्या गुरुजींनी. गुरुजींची आणि ह्या बाईंची ओळख कुठली, ते काढायला पाहिजे.

३ नोव्हेंबर, सोमवार

अरबी शिकवणाऱ्या शबाना आपाचा निरोप आला, तमूचा अम्मपारा महिनाभरात पुरा होतोय. कुराणाचा शेवटचा भाग, पण सगळ्या पोरी तिथूनच सुरू करतात. सासूबाईंनी, आमच्या अम्मांनी, लगेच दिवस धरला. ५ डिसेंबर, शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजनंतर. गल्लीतल्या बायका येतील, मधे तमू किताब घेऊन वाचेल, मग शिरणी वाटायची. लोणंदला नणंदेला फोनसुद्धा झाला. रुक्साना नवा ड्रेस घेऊन येणार म्हणे.

अल्लाचं करम. पण माझ्या डोक्यात एकच फिरतंय. अरबी वाचता येतं तर मराठीनं काय घोडं मारलंय? अरबी किती अवघड. डोक्यात दोष असता तर दोन्हीकडं असता. म्हणजे एकतर पोरगी आळस करते, नाहीतर शाळेत नीट शिकवत नाहीत, नाहीतर सांगलीच्या बाई उगाच लांबवतायत.

तिन्हीवर लक्ष ठेवायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज कळलं दाराआड काय चालतं. पाणी मागायच्या निमित्तानं आत गेले. ताटात रवा पसरलेला, चांगला बारीक रवा, आणि त्यात तमू बोटानं ‘म’ काढतेय. काढायचा, मोठ्यानं म्हणायचा, ताट हलवून पुसायचा. सगळ्या पोरांची बोटं त्यात. मग तो रवा जातो कुठं? मी विचारलं. बाई हसल्या, म्हणाल्या, खात नाही हो, डब्यात ठेवते. तरी वायाच ना. पुढच्या खेपेला वाळू चाळून नेईन म्हटलं.

‘म’ आणि ‘भ’ मधे अजून चुकते. ‘ब’ आणि ‘व’ मधे तर रडते.

ह्यांना सांगितलं. दुकानात गादी शिवत होते, तोंडात दोरा. म्हणाले, जाऊ दे की, पोरगी खुशीत जाते ना. ह्यांना सगळं जाऊ दे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शाळेत गेले. गुरुजींना सरळच विचारलं, बाई तुमच्या कोण. म्हणाले, माझा भाचा त्यांच्याकडं शिकून वाचायला लागला. भाच्याचं नाव, गाव, शाळा, सगळं विचारून घेतलं. खरं असावं. तोंडावरून तरी खोटं वाटलं नाही. पण तोंडावरून काय कळतं.

गुरुजी म्हणाले, पुढं परीक्षेत सवलत पाहिजे तर सरकारी दवाखान्याचा दाखला काढावा लागेल. मी ऐकून घेतलं. दाखला काढायचा म्हणजे पोरीच्या कपाळावर शिक्का. उद्या स्थळं येतील तेव्हा तो कागद कोण कुणाला दाखवेल, सांगता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दाराला फट होती. आतून तमूचा आवाज. घडाघड वाचत होती. म्हातारी, शेळी, तुटलेलं कुंपण, शेळी पळाली, म्हातारी मागं. मी बाकावरून उठून उभीच राहिले. मनात शुक्राना. इतके दिवस बाईंवर संशय घेतला त्याची लाज वाटली.

बाईंनी आत बोलावलं. पुस्तक माझ्यापुढं धरलं. चित्र होतं म्हातारीचं, शेळीचं, कुंपणाचं. खाली लिहिलं होतं, म्हातारी बाजारला निघाली, तिनं शेळीला पाला घातला. तमूनं म्हटलेल्यातलं एकही वाक्य पानावर नव्हतं. चित्र बघून सगळं रचलेलं. खरं सांगायचं तर तिचीच गोष्ट बरी होती.

तमू बाहेर गेल्यावर बाईंनी विचारलं, घरी असं घडाघड काय वाचते का? मी छाती फुगवून सांगितलं, अम्मपारा वाचते, पुरा होत आलाय, पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे.

बाई म्हणाल्या, “बोट ठेवून वाचते?”

हो म्हटलं, बोट ठेवूनच वाचतात.

“मग एकदा बघा, बोट आणि आवाज बरोबर चालतात का. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हालाच कळेल.”

येताना एस.टी.त सगळा रस्ता जळत होते. आमच्या किताबात ह्यांना काय करायचंय? आज बोट बघा म्हणतात. उद्या म्हणतील, अरबी बंद करा, पोरीच्या डोक्याला ताप होतो. असं बोलणारे आहेत. गोड बोलूनच सुरुवात करतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बघणार नव्हते. बघितलं.

तमू आपाकडून आली, हातपाय-तोंड धुऊन वजू केला, लाकडी रेहलवर अम्मपारा उघडून बसली. मी शेजारी शेंगा फोडत. सूर असा गोड, एकही जागा चुकत नाही. बोट ओळीवरून उजवीकडून डावीकडं चाललंय. पण थांबत नाही. आवाज श्वासाला थांबला तरी बोट चालूच. ओळ संपली की खाली, परत सरळ. एकदा तर सूरह, म्हणजे अध्याय, संपली नव्हती आणि हिनं पान उलटलं. पुढच्या पानावर दुसरीच सूरह, हिच्या तोंडात मागचीच.

शेंगांची टोपली तशीच ठेवून आत गेले.

रागावायचं नाही ठरवून जवळ घेतलं. म्हटलं, तमू, हे तू वाचतेस की पाठ म्हणतेस? तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, “वाचते की. बोट हाय ना.”

असं कुणी शिकवलं तुला?

“दादी वाचते तसं.”

१९ नोव्हेंबर, बुधवार

पोरगी खोटं बोलते की काय, दिवसभर हाच विचार. अम्मांचं नाव घेऊन सुटायला बघते. ह्या घरात येऊन बारा वर्षं झाली, अम्मांचं पहाटेच्या फजरनंतरचं वाचन एक दिवस चुकलेलं नाही. बाळंतपणात तमू त्यांच्याच मांडीवर असायची, पुढं रेहल. गल्लीत कुणाकडं कुराणखानी असली की पहिलं बोलावणं अम्मांना. प्रत्येक बाई एक एक पारा घेऊन मनात वाचते, अम्मांचा सगळ्यांच्या आधी होतो. बायका म्हणतात, मामी किती शिकलेल्या.

आपाकडं तमू कशी सुटली असेल ते मात्र लक्षात आलं. मोठ्या पोरी आदल्या दिवशी सबक मोठ्यानं म्हणतात, ही शेजारी बसून कानानं घेते. दुसऱ्या दिवशी आपा ऐकते तेव्हा तयार. आपाला वीस पोरी. कुणाकुणाचं बोट बघणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाईंना फोन केला, पाहुणे आहेत, येत नाही. पाहुणे कुणी नव्हते.

पहाटे अम्मांच्या मागं जाऊन बसले, तसबीहची माळ घेऊन. आधी मनात आलं होतं, किताबात खूण ठेवावी, पान बदलावं, बघावं काय करतात. तौबा केली. कुराणावर चाल खेळायची नाही. नुसती बसले, कान देऊन.

अम्मांचं बोट ओळीवर. ओळ लांब असो, आखूड असो, तेवढाच वेळ. ओठ तेच तेच हलतात. प्रत्येक ओळीला एकच. बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम. खाली. बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम. खाली.

माझ्या आजोळची नानी असंच वाचायची. जुन्या बायका वाचायच्या. अक्षर येत नाही, मग ओळीओळीवर बोट फिरवायचं, दर ओळीला बिस्मिल्ला म्हणायचं, असं सगळं कुराण पुरं करायचं. त्यात कमीपणा नाही, अल्ला नियत बघतो. पण नानी सांगायची, मला अक्षर येत नाही बाई. अम्मांनी कधी सांगितलं नाही. कुणाला माहीत नाही. ह्यांनासुद्धा नसावं.

म्हणजे तमू खोटं बोलली नाही. तिनं मांडीवर बसून वाचन बघितलं ते असं. बोट फिरवायचं आणि येत असलेलं म्हणायचं. तिला वाटतं सगळी दुनिया असंच वाचते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज जेवण झाल्यावर अम्मांपाशी बसले. त्यांचं काही काढलं नाही. फक्त तमूचं सांगितलं, तिला अक्षर येत नाही, सगळं पाठ आहे, पाच तारखेचा कार्यक्रम पुढं ढकलूया.

अम्मा सुपारी कातरत होत्या. थांबल्या.

“पोरगी म्हणती कशी?”

चांगलं म्हणते.

“मग झालं की. चार बायका आवाज ऐकायला येत्यात. बोट कोण बघतंय?”

अम्मा, मी बघितलं ना.

“काय काय बघितलंस?”

मी खाली मान घातली. नुसतं तमूचं म्हटलं, तरी उशीर झाला होता. अम्मांनी अडकित्ता पानदानात ठेवला. म्हणाल्या, “धावी शिकलीस म्हणून आमची परीक्षा घेतीस व्हय?” मग हळू, “माझ्या बापानं मला भांगलायला धाडलं. आपाकडं न्हाई धाडलं. हितं आले तवा सासू म्हणाली, सून वाचती ना? मी मान हलवली. मग मागं कसं येणार?”

मी त्यांचे पाय दाबायला गेले तर पाय ओढून घेतले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांना तमूचं तेवढंच सांगितलं. अम्मांचं नाही. ते माझ्या तोंडून कधी जाणार नाही.

हे म्हणाले, “गादीत काय भरलंय कुणी उसवून बघतंय का? पोरगी गोड म्हणते, म्हणू दे. रुक्सानाला कळवलंय, आता मोडलं तर ती पन्नास प्रश्न विचारंल.” ते खरं आहे. रुक्साना विचारेल. नुसती विचारणार नाही, लोणंदपर्यंत सांगत जाईल. तिच्या जावेच्या घरी मुलगा आहे, तमूपेक्षा थोडा मोठा, मागं दोनदा हसत हसत सोयरिकीचं बोलून झालंय.

पण वजू करून, किताब समोर घेऊन, वाचतेय असं दाखवायचं. पोरीला पाप नाही, तिला माहीतच नाही. मला आता माहीत आहे.

शिवाय एकदा बायकांनी वाहवा केली, शिरणी वाटली, की मग कोण तिला परत अलिफ-बेपासून बसवणार? ती आयुष्यभर बोट फिरवत राहील. अरबीत पण, मराठीत पण. दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचा कागद, सगळ्यावर बोट.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आपाकडं गेले. बाकीच्या पोरी जाईपर्यंत थांबले, तमूला ठेवून घेतलं. सांगितलं.

आपाचा चेहरा उतरला. म्हणाली, “भाभी, हे सांगलीच्या मॅडमनी तुमच्या डोक्यात घातलंय. त्यांना म्हणावं, तुम्ही मराठीचं बघा.” मी पण पंधरा दिवसांमागं असंच म्हणत होते, म्हणून राग आला नाही. म्हटलं, आपा, तुम्हीच बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आपानं मधलंच पान उघडलं. एका ओळीवर आपलं बोट ठेवलं. वाच तमू.

तमूनं ओळीकडं बघितलंच नाही. आपाच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या. एका सूरहचा पहिला शब्द म्हणाली आणि थांबली. आमच्या तोंडावर काही दिसेना, तेव्हा दुसरीचा म्हणाली. परत थांबली. मग तिसरीचा. अंधारात कडी चाचपतात तसं. मला बघवेना.

आपानं किताब मिटली, कपाळाला लावली. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, पोरीसाठी. मग वाटलं, आपल्या शिकवण्याचं नाव जाईल म्हणून. दोन्हीही असेल.

ठरलं ते असं. तमूनं परत कायदा घ्यायचा. अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक, पाच-पाच वर्षांची पोरं घेतात ते. त्यांच्यातच बसायचं.

येताना तमू म्हणाली, “अम्मी, मी नापास झाले काय?” नाही म्हटलं. तिनं खरं मानलं की नाही, कळलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

रुक्सानाला फोन केला. तमूला बरं नाही, कार्यक्रम पुढं. काय झालंय, तिनं विचारलं. खोकला म्हटलं. म्हणाली, “खोकल्यासाठी एवढं मोडलंस? पोरीत काही निघालं काय वहिनी?” आवाज लई मऊ. तिचा आवाज मऊ झाला की मी दाराला कडी घालते.

आजच्या खोट्याची माफी मागितली नमाजमधे.

अम्मा आता मधल्या खोलीत बसत नाहीत. आतल्या खोलीत, दार लोटून. फजरनंतर त्यांची पुटपुट घरात असायची, ती नाही. संध्याकाळी पाणी द्यायला गेले तर म्हणाल्या, रुक्सानाला काय बोललीस? खोकला बोलले. “आणि?” आणि काही नाही अम्मा, अल्लाची कसम. माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांनीही मानलं नाही. बारा वर्षं ज्या बाईच्या हाताखाली पोळपाट धरला, तिला आता मी चोर वाटते.

६ डिसेंबर, शनिवार

सांगलीला गेले. वाळू एकदाची चाळून नेली, बाईंनी ठेवून घेतली. सगळं सांगितलं, अम्मांचं सोडून. म्हटलं, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. वाटलं, आता म्हणतील बघा मी सांगितलं नव्हतं. तसं काही नाही. उलट म्हणाल्या, एवढं सगळं कानानं धरणारी पोरगी हुशारच असली पाहिजे, फक्त कानावर जगायला शिकलीय. अक्षर अडलं की समोरच्याचा चेहरा वाचते. घरी वाचून घेताना तिला तुमचा चेहरा दिसू देऊ नका.

आज मला आत बसू दिलं. पाठमोरी, भिंतीकडं तोंड करून. टाळ्या ऐकल्या. का-पू-स. तीन टाळ्या. मला वाटलं, ह्यात काय अवघड. मग बाईंनी विचारलं, मधली टाळी काढली तर काय उरतं? तमूला येईना. मी मनात करून बघितलं तर मलाही क्षणभर थांबावं लागलं.

एवढी चांगली बाई, एवढ्या लांबून आलेल्या परक्या पोरीसाठी एवढं का करते? फीही जास्त नाही. अजून शोधते आहे.

१० डिसेंबर, बुधवार

गल्लीत कळलंय. कसं, देव जाणे. काल कायदा घेऊन जाताना कुणीतरी विचारलं, बहिणीचं पुस्तक घेऊन चाललीस काय गं? तमूला बहीण नाही. घरी येऊन पिशवी फेकली. उद्यापासून जाणार नाही म्हणाली.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिथून अम्मांचा आवाज आला, “जा की. लहान पोरं काय चावत्यात?” बस्स, एवढंच. माझ्याशी बोलल्या नाहीत, तिच्याशी बोलल्या.

आज गेली. मी कोपऱ्यापर्यंत मागून गेले, तिला न कळता.

१४ डिसेंबर, रविवार

हे म्हणतात, मी उगाच सगळ्यांवर पाळत ठेवते, घरात गुप्त पोलीस आलाय म्हणे. असू दे. पाळत ठेवली नसती तर ५ तारखेला शिरणी वाटून बसलो असतो.

रुक्साना येणार म्हणते, पोरीला बघायला. नेमकं काय बघायला?

१७ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी तमूला घेऊन बसले. गॅसवर दूध ठेवलं होतं, मंद. कायदा तिच्यापुढं, मी तिच्याकडं पाठ करून. म्हटलं, एकेका अक्षरावर बोट ठेव आणि मगच सांग. मी वळणार नाही.

पहिलं सांगितलं. अलिफ. ते सगळ्यांनाच येतं. दुसरं सांगितलं. मग गप्प. वाट बघितली. तिचा श्वास ऐकू येत होता. आतल्या खोलीतही कुणी हलत नव्हतं.

“अम्मी, वळ की जरा.”

नाही वळणार.

“मग बरोबर हाय का ते कसं सांगशील?”

हे मला सुचलंच नव्हतं. वळले तर तिला माझा चेहरा दिसणार. नाही वळले तर मला तिचं बोट दिसत नाही. ती कुठल्या अक्षरावर आहे, आहे की नाही, की नुसती सुरात म्हणतेय, मला कळायची सोयच नाही. तिच्यावर सोडायचं.

दूध उतू गेलं. वास आला. उठले नाही.

तिनं एक अक्षर सांगितलं. हळू, अडखळत, सूर न लावता. मग विचारलं, “बरोबर?”

भिंतीकडं बघत मी म्हटलं, तू बघितलंस ना नीट? मग पुढचं सांग.